ओळीवरचं बोट

मी चांगली शिक्षिका आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढं जे येणार आहे त्यात मी बऱ्याचदा चूक ठरते, म्हणून वाचणाऱ्याचा उगाच गैरसमज व्हायला नको. अमरावतीच्या एका खासगी तंत्रनिकेतनात मी इतकी वर्षं सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवली, की बसस्टँडवर, बँकेत, आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढता वाढता मला 'मॅडम, ओळखलं का?' असं विचारणारी माणसं भेटली. मी सगळ्यांना ओळखते. कोणी कुठल्या ओळीत अर्धविराम विसरायचा, तेही मला आठवतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. तेव्हाच मला शंका आली, कारण हा माणूस स्वतःसाठीही चहा सहसा मागवत नाही. नवा अभ्यासक्रम येतोय, त्यात सी नावालाच उरणार, नव्या भाषांसाठी तरुण मंडळी घेतली आहेत, असं सगळं त्यांनी बशीतला चहा गार होईपर्यंत सांगितलं.

"पण तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला आम्ही थोडंच सोडणार? तुम्ही परीक्षा विभागात बसा. स्वतंत्र कपाट आहे, डोक्यावर पंखा आहे. शांत काम आहे."

"मला शांत काम आवडतं असं तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

ते हसले. मी काही विनोद केला नव्हता. सत्र संपेपर्यंत काय ते कळवा, म्हणाले.

मी बाहेर आले. त्या खुर्चीत एकदा बसले, की आयुष्यात पुन्हा एकही प्रोग्राम लिहिणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. हॉल तिकिटं वाटायची, शिक्के मारायचे आणि निवृत्तीची वाट बघायची. मला भीती वाटली. मी सहसा घाबरत नाही, त्यामुळे ही भीती ओळखायलासुद्धा थोडा वेळ लागला.

त्याच आठवड्यात अकोल्याहून भाचीचा फोन आला. भाची म्हणजे माझ्या मोठ्या भावाची मुलगी. आयुष्यातला पहिला प्रोग्राम तिनं माझ्याकडून शिकला आणि आता ती घरच्या घरी बसून दूरच्या एका कंपनीचं काम करते. तिनं एका पुण्याच्या कंपनीची जाहिरात पाठवली होती. घरून काम, वयाची अट नाही, पदवी कुठलीही चालेल. मुलाखतीत समोर बसवून एक छोटं कोडं सोडवायला देणार. मात्र त्यांचं सगळं काम फंक्शनल पद्धतीचं.

"तुले जमन आत्या," ती म्हणाली. "पण आधी सी विसरा लागन."

"विसरायले ते काय गाण्याची चाल हाय?"

"मंग नको करू. बस पंख्याखाली."

या पोरीचं बोलणं ऐकून पुण्याची माणसं दचकतात म्हणे. आमच्या घरात हे लाडाचं बोलणं आहे. पुढच्या रविवारी मी अकोल्याच्या बसमध्ये बसले.

फंक्शनल पद्धत म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगते, घाबरू नका. सीमध्ये आपण एक डबा घेतो, त्यात आकडा ठेवतो आणि लागेल तसा तो बदलत राहतो. या पद्धतीत एकदा ठेवलेलं बदलायचं नाही; नवं काही हवं असेल तर जुन्यावरून नवं तयार करायचं आणि जुनं होतं तसंच राहू द्यायचं. शिवाय 'एकेक घे, तपास, पुढं जा' असं हाताला धरून चालवायचं नाही. संपूर्ण यादीला एकदाच सांगायचं, की तुझ्यातले एवढे निवड, किंवा सगळ्यांचं असं कर. ऐकायला सोपं आहे. ज्यानं अर्धं आयुष्य डबे बदलण्यात घालवलंय, त्याला ते डाव्या हातानं जेवण्याइतकं सोपं आहे.

अकोल्यात दादाचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत आहे. रविवारी सकाळी पोचले की विहारातून बायकांची वंदना ऐकू यायची, दादा ओट्यावर पेपर वाचत असायचा आणि वहिनी आतूनच ओरडून विचारायची, "उभ्यानं आली का बसाले भेटलं?" जागेचं उत्तर दिलं की मगच पाणी मिळायचं. मग भाची आणि मी आतल्या खोलीत कूलरसमोर बसायचो.

नेटवर छोट्या सरावांची एक जागा आहे, फुकट आहे. एकेक सराव पाच-दहा ओळींत संपेल एवढाच. बरोबर उत्तर दिलं की हिरवं, चुकलं की लाल. भाचीनं पहिला निवडला तो आमच्या गावाला शोभेल असाच होता : आठवड्याच्या तापमानांची यादी दिली आहे, पंचेचाळीसच्या वर किती दिवस गेले ते सांगा.

मी बोटं मोडली आणि लिहून टाकलं. एक मोजणारा आकडा शून्यावर ठेवला, यादीवर फिरले, मोठं तापमान दिसलं की आकडा एकानं वाढवला. भाषा आडून आडून डबे बदलूही देत होती, फक्त नापसंती दाखवत होती. पडदा हिरवा झाला. मी मागं टेकून बसले.

भाचीनं वाचलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काहून?" काहून म्हणजे आमच्या वऱ्हाडीत 'का'.

"मोजायले."

"पण शून्य काहून? कोणाचं शून्य हाय हे?"

"अगं, मोजायची सुरुवात शून्यातूनच होते."

"तू मोजूनच काहून राहिली? गरम दिवस निवडून घे. मंग यादीलेच इचार तू केवढी हायस."

"हिरवं झालं का नाई?"

"झालं. पण काहून?"

आणि बोट तिथंच. मी तिला समजावलं, मग आवाज चढवून समजावलं, मग आत्या असल्याचं बजावलं. बोट हललं नाही. शेवटी माझ्याकडं कारण उरलं नाही, तेव्हा मी ती ओळ खोडली. ती खोडली तर खालच्या तीन ओळींना काही अर्थ राहिला नाही, त्याही गेल्या. त्यांच्या जागी दोनच आल्या. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणतात तशी माझी गत होती. नाव नव्या भाषेचं आणि आत सगळी सीच.

हाच तिचा नियम ठरला. उत्तर सांगायचं नाही, चूक म्हणायचं नाही, फक्त ओळीवर बोट ठेवून काहून विचारायचं. कारण सांगता आलं तर बोट उचलायचं आणि ओळ राहील. नाही आलं तर ओळ जाईल.

ते बोट माझ्या ओळखीचं होतं. आमचे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि वाचायला ते मोठेपणी शिकले, विहारातल्या वर्गात. संध्याकाळी पेपर मांडीवर घेऊन ते एकेका शब्दावर बोट सरकवत मोठ्यानं वाचायचे. आम्ही भोवती बसायचो आणि मधेच 'काहून?' विचारायचो. भाव काहून पडला, मंत्री काहून गेला. बाबांना उत्तर येत नसेल तर बोट तिथंच थांबायचं आणि ते दादाला शेजारच्या मास्तरांकडं पाठवायचे. उत्तर येईपर्यंत पुढची ओळ नाही. 'कोणी सांगतलं म्हून हात जोडाचे नाई,' एवढंच ते म्हणायचे. पुढं भाची झाली आणि ती त्यांच्या मांडीवर असायची, पेपर चुरगाळत. तिनं नेमकं तेच उचललं होतं, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

मी तिला सांगितलं नाही. बोट माझ्याच ओळीवर होतं ना, तेव्हा मला कौतुक करायची अजिबात इच्छा नव्हती.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी आमचं चांगलंच वाजलं. एका सरावात मी यादी उलटी करायला स्वतःच काहीतरी लांबलचक लिहिलं होतं, मोठ्या हौसेनं. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मी लॅपटॉप बंद केला.

"तुले शिकवलं कोणं?" मी विचारलं.

"तूनं."

"मंग?"

"मंग काय? तूनं शिकवलं म्हून मी इचारू नाई काय?"

वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात भाजीचा चमचा होता आणि ती कोणाच्याच बाजूची नव्हती. "जेवून भांडा," ती म्हणाली, "वांगे गार होऊन राहिले." मी जेवले, पण दुपारची बस धरून निघून आले. जाताना भाचीशी बोलले नाही. रागावर माझा हक्क आहे असं मला त्या वेळी मनापासून वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर आजही थोडं वाटतं.

त्या बसमध्ये गर्दी होती. बोरगाव मंजूला माणसं चढली, मूर्तिजापूरला अर्धी बस उतरली, आणि झुंबड चढली तरी पहिल्याइतकी भरली नाही. मी खिडकीशी बसून मोबाईलवर तोच सराव उघडला, पोरीला खोटं पाडायला. एकेका ओळीला मनातल्या मनात स्वतःची बाजू मांडायला लावलं. एकही ओळ मांडू शकली नाही. लोणी मागं पडलं तेव्हा माझ्याकडं एक ओळ उरली होती, आणि ती अशी नेटकी होती की मला हसू आलं. शेजारच्या बाईनं संशयानं माझ्याकडं पाहिलं आणि पर्स मांडीवर ओढून घेतली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवण्यात माझी हयात गेली. आपलं मुसळ आपल्याच हातानं काढायची मजा मला नवी होती.

बडनेऱ्याहून भाचीला फोन केला. "झालं," एवढंच म्हणाले.

"किती लाईनी?"

"एक."

"अन् काहून एक?"

मी कारण सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. आमच्या घरात माफीचे कार्यक्रम असेच उरकतात.

त्यानंतर गाडी रुळावर आली. मी पटापट शिकले. हे मी फुशारकीनं सांगत नाही; शिकवणाऱ्याला शिकता येतं, एकदा त्यानं ठरवलं की. फोल्ड नावाचा एक प्रकार असतो, त्यात यादीतला एकेक घटक घेऊन आधीच्या उत्तरावर चढवत जायचं असतं. पुष्कळांची गाडी तिथं अडते. मला तो वहिनीच्या रोडग्यांवरून एका फटक्यात कळला. रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला कणकेचा गोळा, पण तो साधा गोळा नसतो. आत लहान गोळी, तिच्यावर तेल लावून एक पारी, त्यावर दुसरी पारी, असा तो वाढत जातो. आतली गोळीच ठेवली नाही तर पारी चढवणार कशावर? सगळ्या फोल्डला सुरुवातीचं काहीतरी द्यावं लागतं ते म्हणूनच. हे मी भाचीला सांगितलं, तेव्हा तिनं जरा विचार केला आणि पहिल्यांदाच बोट ठेवायच्या आधीच मान हलवली.

मुलाखत मे महिन्यात दुपारी होती, व्हिडिओवर. अकोल्याचं नेट बरं म्हणून मी तिथंच गेले. वहिनीला माझ्यापेक्षा जास्त काळजी. आदल्या दिवशी तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"थे पुण्याचे लोक हाय. तिथी काहून-फाहून नको म्हणू. 'का बरं' म्हण. गोड वाटते."

"का बरं," मी म्हणून दाखवलं.

"जरासं हसून म्हण."

"का बरं?"

"आता कसं शहाण्यावानी वाटलं," वहिनी म्हणाली आणि समाधानानं भाकरी थापायला लागली.

मुलाखतीच्या वेळी कूलर बंद करावा लागला, कारण तो चालू असताना समोरच्याला वाटतं आपण गिरणीतून बोलतोय. खोली पाच मिनिटांत तापली. साडीखाली घामाच्या धारा, वर चेहरा शांत. पडद्यावर दोघं होते : एक मुलगी, ती फारसं बोलली नाही, आणि एक चष्म्याचे गृहस्थ, माझ्यापेक्षा बरेच लहान. मी अमरावतीची म्हटल्यावर ते आपणहून मराठीत आले. मराठी अगदी धुवून इस्त्री केलेली.

कोडं असं होतं. एका बसचे थांबे क्रमानं दिले आहेत. प्रत्येक थांब्यावर किती उतरले, किती चढले, तेही दिलं आहे. बस सगळ्यात जास्त भरलेली कुठल्या थांब्यानंतर होती ते शोधा.

मला आतून गुदगुल्या झाल्या. हे कोडं मी दर रविवारी बसून सोडवत होते, कधी कधी उभ्यानं. मी फोल्ड घेतला, रिकाम्या बसपासून सुरुवात केली, प्रत्येक थांब्याची माणसं आधीच्या माणसांवर चढवत गेले, आणि मग त्यातलं सर्वांत मोठं निवडायला लागले.

"छान," गृहस्थ म्हणाले. "आपण हे थोडं सोपं करूया का? चढणाऱ्यांच्या संख्येनुसार थांबे आधी सॉर्ट करून घ्या. जिथं जास्त चढले ते वर येतील. मग पहिलाच उचलायचा. एवढं फोल्ड वगैरे लागणारच नाही."

ते हसतमुखानं थांबले. माझी बोटं कीबोर्डवर होती. समोर नोकरी होती, मागं परीक्षा विभागाचा पंखा, आणि दाराआड वहिनी उभी आहे हे मला तिच्या बांगड्यांवरून कळत होतं. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं.

"काहून?" मी म्हणाले.

'का बरं' कुठं गेलं कोण जाणे. दाराआडून बांगड्या वाजल्या. गृहस्थांनी चष्मा वर केला.

"म्हणजे?"

"म्हणजे, सर, कशासाठी? सॉर्ट केलं की थांब्यांचा क्रम जाईल. मूर्तिजापूरला जास्त माणसं चढतात म्हणून मूर्तिजापूर बोरगाव मंजूच्या आधी येत नाही. आणि जास्त चढले म्हणजे बस जास्त भरली असंही नाही. आधी अर्धी बस उतरलेली असते. मी रविवारीच पाहिलं."

मी त्यांना चार थांब्यांचं उदाहरण करून दाखवलं. त्यांच्या पद्धतीनं एक उत्तर आलं, माझ्या पद्धतीनं दुसरं. हातानं मोजलं तर माझं बरोबर. मुलीनं मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मग ठरावीक प्रश्न झाले, धन्यवाद झाले आणि पडदा काळा झाला.

वहिनी आत आली, आधी कूलर लावला आणि मग म्हणाली, "गेली नोकरी."

"गेली तर गेली. उत्तर बरोबर होतं."

"बरोबर उत्तराची भाजी करता येते काय?"

दादानं पेपरातून डोकं वर काढलं. "बाबाच्या घरात अजून काय होईन?" एवढं बोलून तो पुन्हा पेपरात गेला. भाचीनं माझं लिहिलेलं सगळं एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. बोट कुठंच ठेवलं नाही. मला तेवढ्यानं बरं वाटलं, पण रात्री जेवण गेलं नाही, हेही खरं.

कॉलेजला सुट्ट्याच होत्या म्हणून मी अकोल्यातच राहिले. प्राचार्यांचा निरोप आला, काय ठरलं? मी उत्तर दिलं नाही. आणखी काही दिवसांनी, वहिनी आणि मी गच्चीवरून वाळलेल्या मुगवड्या उतरवत असताना फोन वाजला. तेच गृहस्थ होते. तुम्हाला घ्यायचं ठरलं आहे, म्हणाले. पत्र मेलवर येईल. हातातली परात मी वहिनीकडं दिली. आभार मानायचं राहिलंच, आधी दुसरंच तोंडातून गेलं.

"पण मलाच का घेतलं?"

ते हसले. "त्या कोड्यात बाकी सगळ्यांनी सॉर्ट केलं, मॅडम. मी सांगितलं म्हणून."

मी गच्चीच्या कठड्याला धरून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं. मला बाबा आठवले, पेपर आठवला, दुसरं काही नाही. वहिनीला वाटलं वाईट बातमी आहे. तिनं परात खाली ठेवून माझा दंड पकडला. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्या म्हटलंच होतं तसंच बोल म्हून." मी तिला काही म्हटलं नाही. आनंदाच्या दिवशी माणसानं थोडी सूट द्यावी.

खाली आलो तोवर मेल आला होता. मी भाचीसमोर मोबाईल ठेवला. तिनं पत्र वाचलं, शेवटी आली, तिथं 'मला ही नोकरी मान्य आहे' अशी ओळ होती आणि तिच्यापुढं एक रिकामा चौकोन. मी चौकोनाकडं हात नेला. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"काहून?"

ती हसत नव्हती. नियम म्हणजे नियम. आणि खरंच होतं तिचं. पंख्याखालची खुर्ची सोडून या वयात पुन्हा शिकाऊ व्हायचं, रोज कोणातरी लेकरानं आपल्या ओळी तपासायच्या, याला कारण हवं होतं. ते शोधावं लागलं नाही.

"त्या खुर्चीत बसली असती," मी म्हणाले, "तर मले पुन्हा कोणीच काहून इचारलं नसतं."

भाचीनं माझ्याकडं पाहिलं, आणि बोट उचललं.